अख्ख्या कळमनुरीचा एकच ईमेल

बस-स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानांतून गरम कागदाचा वास यायला लागला की समजावं, बारावीचा निकाल लागला. मे संपत आलेला असतो. हळद शिजवून, वाळवून, ढोलात घालून चकचकीत करून झालेली असते, पण तिचा पिवळा धुरळा अजून लोकांच्या भुवयांवर असतो. आणि पोरंपोरी प्लास्टिकच्या पिशवीत निकालाची प्रिंट, टीसी, रहिवासी दाखला, पासपोर्ट फोटो असा सगळा जन्म कोंबून कळमनुरीत हिंडायला लागतात. बाकीच्या जगात याला उन्हाळ्याचा शेवट म्हणत असतील. माझ्यासाठी हा अर्जांचा ऋतू. दरवर्षी येतो, आणि दरवर्षी मी बाजारात जाताना एक गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने जाते. गुडघे दुखतात, तरी जाते.

ती गल्ली का टाळते ते सांगते. पण आधी त्या बाईची ओळख करून द्यायला हवी, जिच्यामुळे माझ्या गुडघ्यांना हा वळसा पडला. त्या बाईचं नाव मंदाकिनी. वय तेव्हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. चष्मा साखळीला बांधून गळ्यात अडकवलेला, पदराला पिन, आणि चालणं असं की जणू दिल्लीहून कळमनुरी तपासायला आलीय. ती बाई म्हणजे मीच. आज ती रस्त्यात भेटली तर मी तिला चहा पाजीन, पण माझ्या मोबाईलचा पासवर्ड काही सांगणार नाही.

आधी माझं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. आठ मशिनी, आणि दिवसभर खडखड, टिंग, खडखड. मग पोरांनी टायपिंग शिकायचं बंद केलं, सगळे कॉम्प्युटर कॉम्प्युटर करायला लागले, तेव्हा आमचे हे म्हणाले, "मंदे, मशिनी भंगारात घाल आन् चार डबडे आण." डबडे म्हणजे कॉम्प्युटर. मी चार आणले. दारावर पाटी लावली, 'मंदाकिनी नेट', आणि खाली लाल अक्षरांत, 'जगाशी जोडा. चपला बाहेर काढा.' या दोन वाक्यांत काही विसंगती आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

चपला बाहेर का, तर धुळीनं कॉम्प्युटर बिघडतो असं मला कोणीतरी सांगितलं होतं. मॉनिटरांना मी झालरीची झाकणं शिवली होती. सकाळी दुकान उघडलं की चारही कॉम्प्युटरांना उदबत्ती ओवाळायची, मग मोडेम लावायचा. तो मोडेम! आधी गळा खाकरल्यासारखा आवाज, मग शिट्टी, मग कुणी पत्र्यावर वाळू ओततंय असं काहीतरी, आणि मग एकदम शांत. ती शांतता झाली की बाहेर थांबलेली माणसं विचारायची, "मॅडम, इंटरनेट आलं का?" पुसदची गाडी आली का, तसं. आणि मी चष्मा नाकावर चढवून म्हणायची, "आलंय. पण एकेक जण या."

दाराबाहेरच्या चपलांच्या ढिगावरून धंदा कळायचा. अर्जांच्या दिवसांत तो ढीग रस्त्यापर्यंत जायचा. स्लिपर, बुटांची एकटीदुकटी जोडी, टाच झिजलेल्या सॅंडली. आत पंखा, लाइट असेल तर. दिवसातून आठ-आठ, दहा-दहा तास लाइट जायची. इन्व्हर्टर एका कॉम्प्युटरला तासभर पुरायचा. त्या एका पडद्याभोवती खेड्यांतून आलेली पोरं मधमाश्यांसारखी जमायची. त्यांच्या अंगाला हळदीचा वास असायचा, उग्र, मातकट. निम्मी पोरं पॉलिशच्या ढोलावर मजुरीला जायची, बोटांच्या रेषा पिवळ्या. जून आला की माझ्या कीबोर्डावरची बटणं पिवळी व्हायची. सगळी नाही. नाव लिहायला लागणारी. ए सगळ्यात पिवळं. झेड आणि क्यू तेवढे कोरे. मी सायंकाळी ओल्या फडक्यानं ती पुसायची, आणि पोरांना रागवायची, "हात धुऊन यायला काय होतं रे?" धुऊनच यायची ती. हळद धुण्यानं जात नाही, हे मला, हळदीच्या मुलुखात जन्मलेल्या बाईला, माहीत नव्हतं असं थोडंच आहे?

आता ईमेलचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे.

अर्ज नेटवरून भरायचे म्हटलं की ईमेल लागायचा. पोरांकडे ईमेल नव्हता, फोन नव्हता, कितीक जणांच्या घरी लाइटही नव्हती. नवीन ईमेल काढायला दहा-पंधरा मिनिटं जायची. तेवढ्यात लाइन तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी एक युक्ती काढली. प्रत्येकाच्या अर्जात माझाच ईमेल टाकायचा. कळमनुरीची पोरं, पुसेगावकडून मामाकडे आलेली पोरं, नरसीच्या यात्रेत प्रसादाचं दुकान लावणाऱ्याची पोरगी, सगळ्यांचा पत्ता एकच, माझा. जगातून कोणालाही कळमनुरीच्या पोराला काही कळवायचं असेल तर ते आधी माझ्या पेटीत पडायचं. मी ते वाचायची, प्रिंट काढायची, आणि द्यायची.

काय ती ऐट होती! पोस्टमननं पत्र वाचून मग द्यावं, आणि वर लोकांनी त्याला साहेब म्हणावं, असं. पोरं दारातून डोकावून विचारायची, "मॅडम, माझं काही आलं का?" आणि मी लगेच उत्तर द्यायची नाही. आधी खुर्चीत नीट बसायची, पदर सारखा करायची, मग म्हणायची, "बघते." बाजारात भाजीवालीसुद्धा म्हणायची, "ह्या बाईच्या घरी सरकारचे कागद येतेत." मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, आता कोणासाठी बोलू?

आणि जे थोडे जण स्वतःचा ईमेल काढायचे, त्यांचाही पासवर्ड मला कळायचा. टायपिंगचा कान होता माझा. कोणी बटणं दाबायला लागलं की मी दुसरीकडे बघत मोजायची. सात, आठ, नऊ. शेवटची तीन एका ओळीत वाजली की एक-दोन-तीन. आधीचं गावाचं नाव किंवा बापाचं. निम्म्या तालुक्याचे पासवर्ड मला तोंडपाठ होते. त्याचा मी काही उपयोग केला नाही, पण मोजल्याशिवाय राहवायचंही नाही.

एकदा शबाना म्हणाली, "मॅडम, मला माझा अलग ईमेल काढून द्या ना."

शबाना म्हणजे मैनुद्दीनभाईंची पोरगी. मैनुद्दीनभाई गाद्या-रजया भरायचे. जुना कापूस पिंजून नवा करायचे. त्यांच्या दुकानासमोरून गेलं की हवेत कापसाचे तंतू तरंगत असायचे आणि त्यांच्या दाढीत, पापण्यांत बर्फासारखे अडकलेले असायचे. शबाना बारीक, सावळी, वेणी घट्ट. बारावी सायन्स, नर्सिंगला जायचं होतं. घरात आजी अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं शबानाच करायची. सुई टोचायला येणाऱ्या सिस्टरच्या हाताकडे टक लावून बघायची. तिनंच मला हे सांगितलं होतं, अर्ज भरताना. 'तुम्हाला हा कोर्स का करायचा आहे' अशी एक रिकामी चौकट होती, त्यात काय लिहू विचारलं तर ती सिस्टरच्या हाताबद्दल बोलत बसली. मी म्हटलं, "एवढं नाही मावत त्यात." आणि लिहिलं, 'समाजसेवेची आवड'.

तर ती म्हणाली, अलग ईमेल काढून द्या. वेळ नव्हता असं नाही. त्या दिवशी दुपारी दुकानात आम्ही दोघीच होतो, लाइनही चांगली होती. पण पोरं जर आपापला ईमेल काढायला लागली, तर दारात चपला कशाला काढतील, हा हिशोब माझ्या डोक्यात होता. मी हसले आणि म्हणाले, "तुला काय करायचाय ईमेल? तुला कोण पत्र लिहिणार आहे?"

तीही हसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "व्हय, बराबर हाय."

वीस वर्षं होत आली. 'बराबर हाय' हे दोन शब्द तिच्या त्या आवाजात मला अजून ऐकू येतात. कुकरची शिट्टी होत असते, टीव्ही चालू असतो, आणि मधेच, बराबर हाय.

पुढच्या आठवड्यात दहावीचा निकाल लागला. ज्यांनी तो काळ बघितला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. निकाल नेटवर यायचा आणि नेट माझ्याकडे. दार मोडायची वेळ. चारही कॉम्प्युटर, असेल तेवढी लाइन, सगळी निकालाला जुंपलेली. बैठक क्रमांक टाका, थांबा, थांबा, गोल फिरणारं चक्र बघत सगळ्यांचे श्वास अडकलेले. मग कोणी ओरडतंय, कोणी बाहेर पळतंय, कुणाची तरी आई दारात पेढ्याचा पुडा घेऊन, आणि कोपऱ्यात एक पोरगं भिंतीला डोकं लावून. चार दिवस मी जेवायला घरी गेले नाही, आमचे हे डबा आणून द्यायचे. त्या चार दिवसांत मी माझी पेटी उघडली नाही. एक मिनिट लाइन पेटीला दिली असती तर एक निकाल मागे पडला असता. असं मी मला सांगत होते.

मंगळवारी शबाना आली. गर्दीतून वाट काढत. "मॅडम, माझं काही आलं का?"

"न्हाई आलं. आलं की सांगते."

बुधवारी आली. मी मान वर न करता म्हटलं, "न्हाई गं."

गुरुवारी सकाळी आली. तेव्हा मी जरा वैतागून बोलले. "आल्यावर मी काय खाऊन टाकणारय का?" दोन-चार पोरं हसली.

शुक्रवारी दुपारी गर्दी ओसरली, तेव्हा मी पेटी उघडली. पत्र सोमवारी आलेलं होतं. नांदेडच्या एका नर्सिंग कॉलेजचं. आपली निवड झाली आहे, मूळ कागदपत्रांसह गुरुवारी पाच वाजेपर्यंत हजर राहावे, न राहिल्यास जागा पुढील उमेदवारास दिली जाईल. कळमनुरीहून नांदेड एसटीनं तास-दीड तास. गुरुवारी सकाळी ती माझ्या दारात उभी होती. दुपारपर्यंत पोचली असती. कागद तिच्या पिशवीत होते, रोजच असायचे.

मी कॉलेजात फोन केला. तिथल्या बाईनं सांगितलं, जागा गेली. मी फोन ठेवला, आणि मग पुढचं जे केलं ते पेटी न उघडण्याहून वाईट. शनिवारी शबाना आली, आणि मी म्हटलं, "न्हाई आलं गं. या खेपेला त्यांनी वरच्या मार्कांवरच घेतलं वाटतं."

का असं म्हटलं? 'मंदाकिनी नेट'वर आलेली पत्रं पोचत नाहीत, हे गावभर झालं असतं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. मी तेव्हा खूप कारणं शोधली होती, चांगली चांगली. आता एकही आठवत नाही.

ते पत्र मी काढून टाकलं नाही. तेवढी हिंमतही नव्हती. पेटीत एक नवा कप्पा केला, त्याला नाव दिलं 'नंतर', आणि त्यात ते ठेवलं. तिला सांगेन, नंतर.

आठ-दहा दिवसांनी मैनुद्दीनभाई स्वतः आले. दारात चपला काढल्या, आत आले, पापण्यांवर कापूस. म्हणाले, "मॅडम, पोरीसाठी तुमी भोत तकलीफ घेतली. नशिबात न्हवतं, तुमी काय करनार." मग माझ्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "ही गादी बसली की वो. द्या इकडं." आणि खुर्चीवरची गादी काखेत मारून घेऊन गेले. सायंकाळी परत आणली, नवा कापूस भरून, कडेला दोरा घालून, फुगलेली. पैसे घेईनात. "तुमी दिवसभर बसता लेकरांसाठी," म्हणाले. ती गादी इतकी मऊ झाली होती की बसलं की आत बुडायला व्हायचं. पुढं दुकान चाललं तोवर मी त्या गादीवर बसले. आजही ती माझ्या देवघरासमोर आहे. जप करायला बसते तिच्यावर, आणि जप काही होत नाही.

दुकान मग कसं गेलं ते मला सांगता येत नाही, कारण एका दिवशी गेलंच नाही. चपला कमी होत गेल्या. आधी खिशातले मोबाईल आले, मग त्या मोबाईलात इंटरनेट आलं, मग ते इतकं स्वस्त झालं की म्हशीमागं चालणारा माणूसही हातात जग धरून चालायला लागला. दारात चार चपला, मग दोन, मग फक्त माझ्या. मोडेमचा आवाज बंद झाला. इंटरनेट आता 'येत' नाही, ते असतंच. कोणी विचारत नाही, आलं का म्हणून. चार कॉम्प्युटरांपैकी तीन भंगारात गेले, चौथ्याचा मॉनिटर आमच्या ह्यांनी गच्चीवर नेऊन त्यात कोथिंबीर लावली. ते गेले, कोथिंबीरही गेली.

माझी नात मुक्ता आता हळदीची पावडर करून नेटवर, एका ॲपवरून, विकते. शेतातलीच हळद, घरीच दळते, पाकिटावर आमच्या शेताचा फोटो. पुण्याहून, बंगलोरहून मागण्या येतात. मला कौतुक वाटतं, आणि ते लपवायला मी तिला म्हणते, "आमच्या येळेला हळद पोत्यानं विकायची, तू पुडीनं विकून राहिलीस." यंदाच्या या दिवसांतच ती एकदा पाय आपटत माझ्याकडे आली.

"आजी, सांग आता काय करू? त्या ॲपनं माझं दुकान खाली ढकललं. शोधलं तर तिसऱ्या पानावर येऊन राहिलं. आन् गिऱ्हाईक माझंच, पण त्याचा नंबर मला दाखवत न्हाईत, पत्ता दाखवत न्हाईत. मी त्याला सरळ विचारूच शकत न्हाई की हळद आवडली का."

"मग तू आपलं अलग दुकान काढ की."

"काढलं तर गिऱ्हाईक कसं शोधणार मला? सगळे तिथंच जातेत."

मी हसायला लागले. पोटात कळ येईपर्यंत हसले. मुक्ता रागावली. तिला वाटलं आजी तिला हसतेय. मी तर त्या ॲपच्या आत बसलेल्या बाईला हसत होते. चष्मा साखळीला, पदराला पिन, सगळ्या गावाची पत्रं आपल्या पेटीत, आणि खुर्चीत नीट बसून म्हणतेय, 'बघते'. ओळखली की मी तिला. ते लोक मोठाल्या काचेच्या इमारतींत बसत असतील, पण युक्ती माझीच आहे. चपला माझ्या दारातच काढा. तुम्हाला तुमचा पत्ता कशाला हवा? मुक्ताच्या मोबाईलात दर सहा महिन्यांनी नवं काहीतरी येतं, जुनं जातं, बटणं इकडची तिकडे होतात, पण खुर्चीवरची बाई उठत नाही.

हसणं थांबलं तेव्हा मुक्ता म्हणाली, "बरं, तुझा मोबाईल दे. तुझी ईमेलची पेटी गच्च भरली म्हणून मेसेज येऊन राहिलेत. नवीन काही घेईना ती. एकतर पैसे भर, न्हाई तर जुनं काढून टाक म्हणतेत." इतकी वर्षं फुकट पत्रं सांभाळणाऱ्यांनी आता भाडं मागायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, काढून टाक सगळं.

तिनं अंगठ्यानं पडदा वर ढकलायला सुरुवात केली, आणि वीस वर्षांपूर्वीची पोरं एकामागून एक वर यायला लागली. कुणाचं प्रवेशपत्र, कुणाचा नकाराचा निरोप, कुणाच्या फोटोचा आकार चुकला म्हणून परत आलेला अर्ज. त्यातला एक आता तलाठी आहे, एक दुबईला, एक आता जगात नाही. मुक्ता भराभर पुसत होती. मी खिडकीतून बाहेर बघत होते.

"आजी, हे 'नंतर' काय आहे? एकच पत्र आहे यात."

तिनं ते उघडलं.

"शबाना मैनुद्दीन. म्हणजे आपल्या शबानाताई? जुन्या बाजारातल्या?"

ती हीच गल्ली. शबानाचं लग्न गावातच झालं, नवरा टेम्पो चालवतो. दहा-बारा वर्षांपूर्वी तिनं कुठूनतरी कॉम्प्युटर शिकून घेतला, आणि जुन्या बाजारात बापाच्या दुकानाच्या जागी अर्ज भरायचं दुकान टाकलं. सगळं मोबाईलवर होतं म्हणतात, पण अर्जाचा फोटो अमुक एवढाच पाहिजे, सही तमुक एवढीच पाहिजे, म्हणून या दिवसांत पोरींची तिच्याकडे रांग लागते. मुक्ताही पाकिटांवरची लेबलं तिच्याकडून छापून आणते. "लई सरळ बाई आहे," म्हणते. मी हूं म्हणते आणि विषय बदलते.

त्या दिवशी विषय बदलता आला नाही. मी सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसं, पण इतके विनोद न करता. मुक्ता ऐकत राहिली. तिचा अंगठा पडद्यावर तसाच अधांतरी.

"तू तिला कधीच सांगितलं न्हाई?"

"न्हाई."

"काहून?"

मी त्या कप्प्याच्या नावाकडे बोट दाखवलं.

मुक्तानं मोबाईल माझ्यापुढं धरला. मग म्हणाली, "पुसू का ठेवू, तू सांग." आवाजात आजी नव्हती. पहिल्यांदा तिनं मला एखाद्या परक्या बाईशी बोलावं तसं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जवळच्या रस्त्याने बाजारात गेले.

गल्ली तशीच आहे. फक्त हवेत कापूस नाही. शबानाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग नव्हता, पोरी चपलांसकट आत बसल्या होत्या, बाकावर दाटीवाटीनं, मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्या. हळदीचा तोच वास. शबानाचे केस कानाजवळ पांढरे झालेत. कीबोर्डासमोर एक पोरगी बसलेली, आणि शबाना मात्र पाठमोरी, भिंतीकडे तोंड करून उभी. मला वाटलं भिंतीवर काही शोधतेय. मग पोरगी म्हणाली, "टाकला, ताई," आणि शबाना वळली. म्हणाली, "वहीत लिवून ठेव. तुझ्या वहीत. मला दाखवू नको, आन् कोनाला सांगू नको, घरच्यांनाबी." पोरगी मान हलवून उठली. तेव्हा मला कळलं, ती पोरीला पासवर्ड टाकू देत होती.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अरे, मॅडम! तुमी इकडं कसं काय? बसा, बसा. ए, सरका गं, मॅडमला जागा द्या."

"एक प्रिंट काढायची होती."

"पाठवा ना मेलवर. तो बघा, तिथं लिवलाय दुकानाचा ईमेल."

मुक्तानं कोणतं बटण ते दाखवून ठेवलं होतं. माझं बोट दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा गेलं. शबानाच्या कॉम्प्युटरावर टिंग झालं, अगदी जुन्या टायपिंग मशिनीच्या ओळ संपल्यावरच्या घंटीसारखं. तिनं उघडलं.

मी उभीच होते. म्हटलं, "शबाना, ते तुझं आहे. वेळेत आलं होतं. तू तीनदा विचारायला आलीस, आन् मी न बघता न्हाई म्हटलं. नंतर बघितलं, तेव्हा जागा गेली होती. मग मी तुला खोटं सांगितलं."

ती वाचत होती. तिचं वाचणं रोज अर्ज वाचणाऱ्या माणसाचं, आधी नाव, मग तारीख, मग खालची यादी. सवयीनं तिनं प्रिंटचं बटण दाबलं. कागद गरम गरम बाहेर आला. तिनं तो हातात घेतला आणि यादीवरून बोट फिरवायला लागली.

"दहावीची सनद. होती. बारावीची गुणपत्रिका. होती. टीसी. होती." बोट खाली खाली जात होतं. "रहिवासी. फोटो सहा. सहा होते, अब्बांनी मुद्दाम आठ काढले होते." शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. "सगळं होतं माझ्याजवळ."

मी म्हटलं, "तू काय बोलायचं ते बोल मला."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अब्बा शेवटपर्यंत सांगायचे सगळ्यांना. दवाखान्यात नर्स आली की तिलाबी सांगायचे. माझी पोरगीबी झाली असती, म्हने, चार मार्क कमी पडले." मग जरा थांबून, "चार कुठून आनले होते त्यांनी, काय म्हाईत. मीबी तेच धरून चालले."

मला त्या गादीबद्दल सांगायचं होतं. ती अजून माझ्याकडे आहे, तिच्यातला कापूस अजून बसलेला नाही, हे सांगायचं होतं. पण तोंडाशी आल्यावर कळलं की ते सांगून मलाच बरं वाटणार होतं. मी गिळून टाकलं.

शबानानं कागदाची घडी घातली, एकदा, दोनदा, आणि टेबलाच्या खणात ठेवला. खण बंद केला. ओढणीनं चेहरा पुसला, नुसता पुसला, घाम पुसतात तसा. मग बाकाकडे बघून म्हणाली, "चला, आता कोन हाय?"

एक बारकी पोरगी उठून पुढं आली. पिवळी बोटं, नखांच्या कडांनी हळद. शबानानं तिला खुर्चीत बसवलं, नवा ईमेल काढायचं पान उघडून दिलं, तिचं नाव तिच्याकडूनच टाकून घेतलं. मग ती भिंतीकडे वळली. वळता वळता थांबली.

"मॅडम, तुमीबी तिकडं तोंड करा. ती पासवर्ड टाकून राहिली."

मी वळले. चुन्याची भिंत होती, माझ्या नाकापासून वीतभर. तिच्यावर खांद्याच्या उंचीला बोटांचे पिवळे ठसे होते, रांगेत टेकून उभ्या राहिलेल्या कितीतरी पोरींचे. शबाना माझ्या शेजारी तशीच उभी. मागे बटणं वाजायला लागली, एकेक, चाचपडत, थांबत थांबत.

मी मोजली नाहीत.